सावली आणि हवा मागणाऱ्या सगुणाबाई

सगुणाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांना 'आत या' म्हणावं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. देवळी तालुक्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी नुकताच कायम झालो होतो. आमच्या युनियनची बैठक देवळीच्या बसस्टँडमागे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरत असे. त्या दिवशी गणवेशाचं कापड जाड आहे की पातळ यावर तासभर वाद चालला होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चार-पाच बाया वर आल्या. हातापायांच्या रेघांत कोळसा बसलेला. सगळ्यांत पुढे असलेल्या बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "तुमच्या युनियनमंधी सावली कोनाले भेटते?"

आम्हांला प्रश्नच कळला नाही. अध्यक्षांनी समजावलं, की ही कायम कामगारांची संघटना आहे, तुम्ही ठेकेदाराची माणसं, तुमची हजेरी त्याच्याकडे. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हजेरी ठेकेदाराची हाये, मान्य. पन ऊन तं आमच्याच डोक्यावर पडते ना!"

कोणीतरी हसलं. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला पुढे आठवडाभरातच वाटली, आणि आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिताना पहिल्यांदा तीच आठवते आहे.

ज्यांना आमचा कारखाना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खनिज आणि कोळसा एका लांबलचक फिरत्या भट्टीत तापवून तिथे कच्चं लोखंड तयार होई. ट्रकनं आलेला कोळसा फोडायचा, त्यातले दगड निवडायचे आणि पाट्या भरून भट्टीच्या पट्ट्यावर टाकायचे, हे काम उघड्या यार्डात चाळीसेक बाया करत. एका बाजूला भट्टीची धग, वर वैशाख. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना अधिक सांगायला नको. यार्डात पूर्वी कडुलिंबाची तीन झाडं होती म्हणे. ट्रक वळायला जागा हवी म्हणून ती तोडली. मी आलो तेव्हा बुंधेही उरले नव्हते.

सगुणाबाई मूळच्या आर्वीकडच्या जंगलपट्ट्यातल्या, गोंड कुटुंबातल्या. मोहफुलं आणि तेंदूपान वेचण्यात लहानपण गेलेलं. लग्नानंतर पती जयरामभाऊंसोबत देवळीला आल्या. जयरामभाऊ बाजार समितीत राखणदार होते. बाई पहाटे निघून जात, म्हणून स्वयंपाक तेच करत, आणि त्याचा त्यांना कधी संकोच वाटलेला मी पाहिला नाही. सगुणाबाईंना सही येत होती. वाचन त्या पुढे धाकट्या मुलीच्या पुस्तकावरून शिकल्या.

त्या बैठकीनंतर आठवडा झाला असेल. भर दुपारी यार्डात आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी कंट्रोल रूममधून धावत बाहेर आलो. कौसल्याबाई नावाच्या बाई कोळशाच्या ढिगावर कोसळल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. त्यांना ठेवायला सावली कुठे? शेवटी उभ्या ट्रकच्या खाली, चाकांच्या मधे त्यांना निजवलं. सगुणाबाई आपल्या लुगड्याचा पदर ओला करून त्यांच्या अंगावर पिळत होत्या. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "बाबू, गाडी सांग. उभा काऊन राह्यला?"

कौसल्याबाई सावंगीच्या दवाखान्यात सहा दिवस राहून वाचल्या, पण त्यांचा उजवा हात पुन्हा पहिल्यासारखा उचलला गेला नाही. ठेकेदारानं त्यांना दुसऱ्या दिवसापासून कामावरून काढलं. उन्हाळ्यात असं चालायचंच, हे त्याचं उत्तर.

पुढचे नऊ दिवस कारखान्यात जे घडलं ते मी जन्मात विसरणार नाही. यार्डातल्या बाया पहाटे उजाडताच कामाला लागत. बाराचा भोंगा झाला की सगळ्या पाट्या खाली ठेवून एका रांगेत चालत मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसच्या ओसरीत जाऊन बसत. आवारात तेवढीच एक सावली होती. घोषणा नाहीत, फलक नाहीत. काळ्या झालेल्या चाळीस बाया पांढऱ्या फरशीवर गप्प बसलेल्या. चार वाजले की उठून पुन्हा कामाला. आठवड्याचं ठरलेलं काम त्या पहाटेच्या आणि संध्याकाळच्या वेळात पुरं करून देत, त्यामुळे काम बुडवलं असंही म्हणता येईना.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर बाहेर आले. "उन्हाळा काय यंदाच आला का बाई?"

"नाई साहेब, उन्हाळा जुनाच हाये," सगुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पन पहिले सांज झाली का वारा थंड होये. आता खाटेवर पडलं तरी भिंत भाजते. अन् पहिले इथं झाडं होते. ते आमी नाई तोडले."

नवव्या दिवशी तडजोड झाली. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बारा ते चार यार्डातलं काम बंद, तुरीच्या काड्यांचं आणि ताडपत्रीचं का होईना पण छप्पर, आणि रांजणांचं पाणी. पाणी देण्याच्या कामावर कौसल्याबाईंना घ्यावं, ही अट सगुणाबाईंनी शेवटपर्यंत सोडली नाही. 'डाव्या हातानं लोटा देता येते,' एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. त्याच पावसाळ्यात आमच्या युनियनची घटना बदलली आणि ठेक्यावरचे कामगार सभासद झाले. बदलाचा ठराव मी मांडला होता. दोन वर्षांनी सगुणाबाई उपाध्यक्ष झाल्या, आणि पुढे अध्यक्षही.

आज 'तापमानवाढ' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतो. त्या नऊ दिवसांत तो आमच्यापैकी कोणी उच्चारला नव्हता. परंतु जगाचं हवामान बिघडलं तर त्याचा चटका सर्वांत आधी कोणाला बसतो, हे आम्हांला त्या ओसरीवर समजलं.

दुसरा प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. तो टाळून सगुणाबाईंचा गौरव करणं मला बरं वाटणार नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला चिंचखेडी नावाचं गाव आहे. एका सकाळी तिथली शे-दीडशे माणसं बैलगाड्या घेऊन गेटवर आली आणि रस्ता अडवून बसली. धुरानं कापूस काळा पडतो, विहिरीवर काजळी येते, पोरं खोकतात, तेव्हा कारखाना बंद करा, ही मागणी. मॅनेजरांनी तातडीनं युनियनला बोलावलं. म्हणाले, "हे लोक तुमच्या पोटावर उठलेत. तुम्ही कामगार चारशे आहात. गेट मोकळं करा."

आमच्यातली तरणी मंडळी उठलीही. वेगळं काय सुचणार? चिंचखेडी जिंकली तर आमची चूल विझणार होती. सगुणाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "लाठ्या ठेवा खाली. पहिले गावात जाऊन पाह्यतो. कोनाचं खरं, कोनाचं खोटं, पाह्यल्याबिगर कसं समजन?" त्यांनी गेटवरच्या लोकांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली, आणि संध्याकाळी मला सोबत घेऊन चिंचखेडीला चालत गेल्या.

गावात आम्हांला कोणी बसा म्हणालं नाही. विठ्ठलराव नावाच्या वयस्क शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेलं. त्यांनी फुटलेल्या बोंडातला कापूस ओढून सगुणाबाईंच्या हातावर ठेवला. पांढऱ्यावर राखाडी पूड बसलेली. सगुणाबाईंनी तो अंगठ्यानं चोळला; अंगठा काळा झाला. विठ्ठलराव कडवटपणे म्हणाले, "तुमी कमावता, अन् धूर आमी खातो."

"आमी बी तोच खातो, दादा," त्या म्हणाल्या. "आमाले तं दोन खेपा भेटते. एकदा यार्डात, एकदा घरी." आणि त्यांना तिथेच खोकल्याची उबळ आली. विठ्ठलराव त्यांना आपल्या घराच्या अंगणात घेऊन आले, त्यांच्या सूनबाईंनी आतून पाणी आणलं. मग बाजा टाकल्या गेल्या, बोलणं सुरू झालं.

बोलता बोलता सूनबाईंनीच विचारलं, "एक सांगा. तपासनीवाले साहेब येते तवा धूर पांढरा राह्यते. त्याहिची गाडी गेली का काया होते. हे कसं काय?"

त्याचं उत्तर त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. धुरातली धूळ पकडणारं एक मोठं यंत्र कारखान्यात होतं, एवढं सगुणाबाईंनाही माहीत होतं. ते विजेवर चाले, आणि वीज फार खाई. प्रदूषण तपासणीची गाडी गेटबाहेर पडली की कंट्रोल रूममध्ये फोन येई, 'बंद करा', आणि पाळीवरचा ऑपरेटर बटण दाबून ते बंद करी. तीन ऑपरेटरांपैकी एक मी होतो. मी मान खाली घालून बसलो.

परतताना आम्ही शेताच्या बांधावरच्या वाटेनं निघालो. सगुणाबाई म्हणाल्या, "पर्भाकर, ते धूळ पकडाचं मशीन बंद कोन करते?"

"साहेबांचा फोन येतो, मावशी."

"फोन येते. बटन कोन दाबते?"

"मी. म्हणजे आम्ही तिघं. पण साहेब सांगतात म्हणून."

"साहेबाचं बोट लागते का बटनाले?"

मी म्हणालो, की नाही दाबलं तर नोकरी जाईल. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. "जाईन," म्हणाल्या. "खोटं काऊन सांगू? जाऊ शकते. म्हून एकट्यानं नको करू. आमी चाळीस बाया तुह्या मांगं हावो. तू हात बांधजो, आमी पाट्या खाली ठेवतो. मंग पाहू."

मला आजही याचं नवल वाटतं. मी कायम कामगार. मला काढायचं तर चौकशी, नोटीस, कायदा होता. त्या चाळीस बायांना दुसऱ्या दिवशी गेटवर 'येऊ नका' म्हटलं की संपलं. ज्यांच्या पायाखाली काहीच नव्हतं त्या मला आधार देत होत्या.

सभा वादळी झाली. अध्यक्ष राजीनामा देऊन निघून गेले, पन्नासेक कायम कामगार त्यांच्यामागे गेले. पण ठराव झाला : यंत्र बंद, तर कोळसा बंद. कारखाना बंद करा असं आम्ही म्हटलं नाही. कारखाना चालवा, पण नीट चालवा, एवढंच म्हटलं. चिंचखेडीच्या लोकांनी त्यावर आपला रस्ता रोको मागे घेतला.

पुढच्या तपासणीनंतर फोन आला. मी म्हणालो, "यंत्र बंद होणार नाही, साहेब." तासाभरात निलंबनाचा कागद हातात पडला. मी गेटकडे निघालो. यार्डातून जाताना माझ्या चालण्याबरोबर एकामागून एक पाट्या खाली ठेवल्याचे आवाज येत गेले. बाकीच्या दोन ऑपरेटरांनीही बटणाला हात लावायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी भट्टीला कोळसा मिळाला नाही.

ठेकेदारानं बाहेरगावाहून ट्रक भरून नव्या बाया आणल्या. आम्ही घाबरलो, कारण अशा वेळी मारामारी होते आणि संप तिथेच मरतो. सगुणाबाई ट्रकजवळ गेल्या. त्या बाया त्यांच्याच माहेरच्या पट्ट्यातल्या निघाल्या. सगुणाबाई त्यांच्याशी गोंडीत बोलू लागल्या. आम्हांला एक अक्षर समजलं नाही. मधेच हसल्या, मधेच एकीच्या कडेवरच्या मुलीच्या छातीला कान लावला. अर्ध्या तासानं सगळ्या ट्रकमधून उतरल्या आणि आमच्या बायांशेजारी येऊन बसल्या. त्या संध्याकाळी चिंचखेडीहून ज्वारीच्या भाकरी आणि चून, म्हणजे पिठलं, आलं. बैलगाडी स्वतः विठ्ठलराव हाकत होते. ज्यांच्या अंगावर आम्ही लाठ्या घेऊन जाणार होतो त्यांनी आम्हांला बारा दिवस जेवू घातलं.

या बारा दिवसांतलाच एक प्रसंग घरचा आहे. देवळीत आमचं कापडाचं दुकान. वडील जुन्या वळणाचे व्यापारी. मुलगा निलंबित झाला हे गिऱ्हाइकांच्या तोंडून कळलं, तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. एका दुपारी सगुणाबाई थेट दुकानात आल्या. वडिलांनी मान वर केली नाही. त्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "दादाजी, तुमच्या पोरानं चोरी नाई केली. चोरी कर म्हनलं, त्याले नाई म्हनला."

वडिलांनी हातातलं कापड घडी घालून बाजूला ठेवलं. मग त्यांनी आत हाक मारली, "चहा टाका. घरातल्या कपात आणा." बाहेरच्या माणसांसाठी आमच्याकडे वेगळे कप असत. हे वाक्य वडिलांच्या तोंडून निघायला किती वर्षं लागली होती ते मला आणि आईलाच ठाऊक. सगुणाबाई गादीच्या कडेला बसून चहा प्यायल्या आणि उठताना म्हणाल्या, "साखर जास्त हाये." वडील हसले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलू लागले.

तेराव्या दिवशी कामगार अधिकाऱ्यांसमोर करार झाला. यंत्र सदैव चालू राहील. दोन कामगार आणि चिंचखेडीचे दोन ग्रामस्थ केव्हाही येऊन ते पाहू शकतील. यार्डात धूळ बसवण्यासाठी पाणी मारलं जाईल. निलंबन मागे घेतलं गेलं. ट्रकमधून आलेल्या बायांना परत न पाठवता पाळी वाढवून कामावर घ्यावं, या कलमावर सगुणाबाई पाच तास अडून बसल्या होत्या, आणि तेही मान्य झालं. पुढच्या हंगामात विठ्ठलरावांच्या सूनबाई यंत्र पाहायला आल्या तेव्हा ओटीतून मूठभर कापूस घेऊन आल्या. तो अगदी दुधासारखा होता असं मी म्हणणार नाही. पण अंगठा काळा झाला नाही.

सारंच जिंकलं असा समज होऊ नये. सोडून गेलेले पन्नास सहकारी परत आले नाहीत. मालक बदलल्यावर करार पाळून घेण्यासाठी पुन्हा दोनदा पाट्या खाली ठेवाव्या लागल्या. सगुणाबाईंचा हट्टीपणाही सोपा नव्हे. एखाद्या शब्दावरून त्या अख्खी बैठक रात्रीच्या बसची वेळ टळेपर्यंत ताणतात. कोणाची स्तुती त्यांच्या तोंडून निघत नाही. बारा दिवसांच्या त्या संपानंतर मी अपेक्षेनं पाहत होतो, तर मला म्हणाल्या, "उद्या पाळीवर टाइमावर येजो."

काही वर्षांपूर्वी वर्ध्यात पर्यावरणावर एक परिसंवाद झाला. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी पडद्यावर आलेख दाखवून पृथ्वी कशी तापते आहे ते फार तळमळीनं समजावलं, आणि कोळशाच्या भट्ट्या उद्याच बंद व्हायला हव्यात असं सांगितलं. टाळ्या झाल्या. सगुणाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब बोलले ते सारं खरं हाये. आमी ते आंगावर पाह्यलं. भट्टी बंद करा, मी आडवी येत नाई. पन मले आजच सांगा, परवा माह्या बाया कुठं जातीन? धूर आमीच खाल्ला, ऊन आमीच सोसलं, अन् चूल बी आमचीच विझवान, हा कोनता न्याय?" एवढं बोलून त्या बसल्या. प्राध्यापक खाली उतरून त्यांच्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी वही काढली. चळवळीत मी अनेक भाषणं ऐकली, काही केलीही. कामगारांची आणि पर्यावरणाची लढाई एकच का आहे, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

या ग्रंथासाठी छायाचित्र हवं म्हणून मागच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. त्या घरी नव्हत्या. जयरामभाऊ भाजी चिरत होते. म्हणाले, "गेली सेलूकडे. वीटभट्टीवरच्या बाया आल्त्या बलावाले. डॉक्टरनं आराम सांगतला हाये, पन आयकते कोन?" कोळशानं सगुणाबाईंच्या छातीत कायमचं घर केलं आहे, जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागतं. दोन तासांनी त्या आल्या, घोटभर पाणी प्यायल्या, आणि छायाचित्राला न बसता वीटभट्टीवर किती बाया आहेत, पाणी किती लांब आहे हे मला सांगत राहिल्या. छायाचित्र त्या बोलतानाच काढावं लागलं. म्हणून या ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्यांचा हात हलल्यामुळे पुसट दिसतो.

साठी पूर्ण करणाऱ्या माणसाला 'शतायुषी व्हा' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. सगुणाबाई, ते तर मी मागतोच. शंभर वर्षं तुम्हांला लाभोत. गुडघे साथ देवोत. जयरामभाऊंच्या हातचं ऊन-ऊन जेवण वेळेवर जेवण्याइतकी उसंत मिळो. पण नुसती वर्षं मागून भागणार नाही, हे तुम्हीच आम्हांला शिकवलं. शंभर वर्षं जगायचं तर शंभर वर्षं श्वास घ्यावा लागतो. ती हवा स्वच्छ ठेवण्याचं काम यापुढे आम्ही करू. तुम्ही फक्त तो श्वास मोकळा घ्या.